पाण्यात उभं राहूनही घामानं चिंब? वेडरच्या आतल्या कपड्यांविषयी

शेततळी आटायला लागली की मासे काढायची घाई होते, पंचगंगेतली जलपर्णी ओढायच्या मोहिमा निघतात आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या खालच्या डोहांवर गळ टाकणारे पहाटेच जागा धरतात. या तिन्ही ठिकाणी हल्ली वेडर दिसतो: खाली गमबूट जोडलेली, खांद्यावर पट्ट्यांनी अडकवायची, छातीपर्यंत येणारी जलरोधक पँट. डिसेंबरच्या पहाटे त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. एप्रिल-मेमध्ये मात्र बाहेरचं पाणी आत येत नाही तसा आतला घामही बाहेर जात नाही, आणि आत काय घालावं हे कळेनासं होतं. आलेल्या पत्रांतली सहा पत्रं इथं घेतली आहेत.

उन्हाळ्यात सुती कापडासारखं थंड काही नाही, हे आम्हा इचलकरंजीकरांना कुणी सांगायला नको. तरीही शेततळ्यात वेडर घालून उतरलो की सुती बनियन आणि सुती पायजमा अर्ध्या तासात अंगाला चिकटतो, मांड्या सोलवटतात. वेडर साधा हिरवा, पीव्हीसीचा आहे. चूक कापडाची की वेडरची?
— एक शेततळेधारक, इचलकरंजी

दोन्हींच्या जोडीची. सुती कापड थंड वाटतं ते वाऱ्याच्या जिवावर. घाम सुतात शिरतो, वारा लागला की उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पीव्हीसीच्या आत वारा नाही आणि पीव्हीसीतून वाफ अजिबात बाहेर पडत नाही. त्यामुळं सूत घाम पीत राहतं, धागा फुगतो, कापड जड होऊन खाली ओघळतं आणि त्याच्या घड्या पडतात. इकडं सतत ओली राहिलेली कातडी मऊ पडते. मऊ कातडीवर ओली घडी पावलागणिक घासली की काचतंच: मांडीच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागं, काखेत. साध्या हवेत कोरडं वाटणारं सूतही आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून असतं. पॉलिस्टरमध्ये हा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे.

घरी पडताळून बघा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक सुती बनियन आणि एक पॉलिस्टरची खेळाची जर्सी कोरडी तोला. दोन्ही बादलीत बुडवा, हातानं सारख्याच जोरानं पिळा, पुन्हा तोला. बनियननं किती पाणी धरून ठेवलं आणि जर्सीनं किती, ते आकड्यातच दिसेल. तेवढं ओझं मांडीला चिकटून तळ्यातला गाळ तुडवायचा असतो.

तेव्हा वर घाला पातळ पॉलिस्टरचा, अर्ध्या बाह्यांचा, गोल गळ्याचा टी-शर्ट. कोल्हापुरात तो शोधत फिरावं लागत नाही, पेठापेठांत फुटबॉल खेळला जातो आणि जर्सीचं बारीक छिद्रांचं कापड कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतं. दुकानदार त्याला डॉट निट किंवा ड्रायफिट म्हणेल. जीएसएम विचारा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १२० ते १५० च्या दरम्यानचं घ्या, १८० च्या वरचं उन्हाळ्यात नको. बिनबाह्यांचा मात्र घेऊ नका. वेडरचे पट्टे उघड्या खांद्यावर घासतात, आणि जाळं ओढताना सगळा भार तिथंच येतो. कॉलर, खिसा, बटणपट्टी यांतलं काहीही नसलेलं बरं, कारण पट्ट्याखाली आलेलं बटण तासाभरात वळ उठवतं.

खाली पूर्ण लांबीची, अंगाबरोबर बसणारी पातळ पँट हवी: धावणारे घालतात तशी पॉलिस्टर आणि लायक्राची. गरम होतं म्हणून आखूड चड्डी घालायचा मोह होतो, तो टाळा. उघडी पोटरी पीव्हीसीला चिकटते, पाय उचलताना वेडर कातडी ओढतो आणि चड्डीची कड गुंडाळत जांघेत जाऊन बसते. आत हात घालून बघा, शिवण चपटी लागली पाहिजे. उभी राहिलेली जाड शिवण मांडीच्या आतल्या बाजूला आली तर कापड कितीही चांगलं असो, काचणारच. चेनचे खिसे, घोट्याची चेन, जाड नाडीची गाठ असलेली ट्रॅक पँट नको. सायकलवाल्यांची गादी शिवलेली चड्डीही नको, ती गादी घाम पिऊन तशीच बसते. आतली चड्डी सुती नको, मांडीपर्यंत येणारी पातळ कृत्रिम धाग्याची असू द्या.

विकत घेण्याआधी कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत पसरून डाग मोठा झाला तर ते कापड घाम पसरवेल. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर नाही. फक्त नव्या कापडावर कारखान्यातली खळ किंवा लेप असतो. तो दोन धुण्यांत जातो, म्हणून नव्या कपड्याचा निकाल दोनदा धुऊन लावा.

शेवटी घालायचा क्रम, कारण निम्मा त्रास इथं होतो. पँट आधी, मग तिच्यावरून गुडघ्यापर्यंत येणारे फुटबॉलचे मोजे, म्हणजे वेडर चढवताना पँट वर सरकत नाही. मोजे पातळ आणि कृत्रिम धाग्याचे असावेत, गमबूट ढिला असेल तर एकावर एक दोन घाला. एकच जाड मोजा घातला तर तो घामानं भिजून टाचेखाली गोळा होतो आणि फोड आणतो. वेडर कमरेपर्यंत ओढला की पट्टे अडकवण्याआधी दोन उठाबशा काढा, आत हात घालून टी-शर्टची घडी मोडा, मग खांद्याचे पट्टे आणि सगळ्यात शेवटी कमरेचा पट्टा. पँटचा चामडी पट्टा आणि बक्कल आत अजिबात नको.

सुताला कामातून काढू नका, त्याची जागा वेडरच्या बाहेर आहे. ओला सुती पंचा डोक्यावर आणि मानेवर घ्या. तिथं वारा लागतो, आणि तिथं सुताच्या तोडीचं काही नाही.

माझा वेडर नवा आहे, पण तासाभरानं आत पाणी असतं. दुकानदार म्हणतो घाम आहे, मला वाटतं शिवण गळते. खरं कसं कळणार?
— एक मत्स्यपालक, शिरोळ तालुका

ओल कुठं आहे ते आधी बघा. गळती एका जागेपासून सुरू होते. एका मांडीवर किंवा एकाच पायात ओला पट्टा दिसतो आणि तो पाण्यात उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत येतो. घामाची ओल दोन्ही पायांत जवळपास सारखी असते, जांघ, गुडघ्यामागं आणि कमरेभोवती जास्त, आणि तिथून ओघळून तळपायाला साचते. बाहेरचं पाणी थंड असेल तर आतली वाफ पीव्हीसीवर दहिवरासारखी जमते. त्याचे थेंब पाहून पुष्कळ जण गळती समजतात. आत फिक्या करड्या रंगाची पँट घातली तर ओलीचा नकाशा स्पष्ट उमटतो.

एवढ्यानं समाधान झालं नाही तर रात्री अंधाऱ्या खोलीत पेटलेली बॅटरी वेडरच्या आत फिरवा, छिद्र असेल तिथं उजेडाचा ठिपका दिसेल. शिवणीची गळती अशी दिसत नाही. तिच्यासाठी वेडर मजबूत आडव्या बांबूवर टांगा आणि एका पायात फक्त गुडघ्यापर्यंत पाणी ओता. बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसून दहा मिनिटं थांबा आणि शिवणीवर, बुटाच्या जोडावर बोट फिरवा. पाणी कमरेपर्यंत भरू नका, त्या वजनानं जांघेची शिवण उसवते आणि नसलेली गळती तयार होते.

आमचा महिला बचत गट तलावात मासे वाढवतो. जाळी ओढायला आम्हाला वेडर मिळाले आहेत, पण ते पुरुषांच्या मापाचे. साडीवर तर घालता येत नाहीत. सलवार घातली तर आत गोळा होते. काय घालावं?
— गटातील सदस्य, कागल तालुका

सलवार गोळा होते ती घेरामुळं, आणि तिच्या नाडीची गाठ नेमकी वेडरच्या कमरपट्ट्याखाली येते. तिच्याऐवजी लेगिंग घाला, पण बाजारात रोजच्या वापरासाठी मिळणाऱ्या बहुतेक लेगिंग सुती-लायक्राच्या असतात. लेबल वाचून पॉलिस्टर किंवा नायलॉन-लायक्राची मागा. कंबर रुंद, सपाट इलॅस्टिकची असावी. वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता नको, नितंबांपर्यंत येणारा जर्सीच्या कापडाचा टी-शर्ट पुरे. संकोच वाटत असेल तर वेडर छातीपर्यंत असतोच, आणि काठावर तो कमरेपर्यंत उतरवल्यावर वरून घालायला एक सैल सुती सदरा पिशवीत ठेवा. आतली बॉडी पातळ कृत्रिम धाग्याची, मागं हूक नसलेली घ्या, कारण वेडरचे पट्टे पाठीवर जिथं एकमेकांना ओलांडतात तिथंच हूक येतो.

वर-खाली जोडलेला एकच कपडा घेऊ नका. लघवीला जाताना वेडर उतरवूनही सगळे कपडे काढावे लागतात, आणि मग बायका पाणीच पीत नाहीत. उन्हात ते फार वाईट.

मापाचं बोलायचं तर बूट मोठा असेल तर दोन मोजे आणि बुटात कापून बसवलेला फोमचा तळ. त्यानंही टाच बुटात उचलत असेल तर तो वेडर गाळात घालू नका. बूट गाळात रुततो, पाय वर येतो आणि तोल जातो. पायांची लांबी जास्त असल्यास घोट्याजवळ घड्या पडतात. त्या खांद्याचे पट्टे आखडून वर घ्या, दोरीनं घोट्याला आवळू नका.

राधानगरी भागात गळानं मासेमारी करतो. नातेवाइकांनी बाहेरून निओप्रीनचा वेडर आणून दिला आहे. दुकानदार वाफ सोडणारा महाग वेडर घ्या म्हणतो. उन्हाळ्यासाठी कोणता?
— एक गळवाला, कोल्हापूर

निओप्रीन म्हणजे हवेचे बुडबुडे कोंडलेलं रबरी फोम. ते ऊब धरण्यासाठीच बनवलेलं आहे. आत काहीही घाला, एप्रिलमध्ये ते चालणार नाही. हिवाळ्यातल्या पहाटेसाठी ठेवून द्या.

वाफ सोडणाऱ्या वेडरमध्ये दोन कापडांच्या मध्ये एक अतिसूक्ष्म पडदा असतो. पाणी त्यातून आत येत नाही, वाफ बाहेर जाते. पण ती आपोआप जात नाही. आत उष्ण-दमट आणि बाहेर त्याहून कोरडं किंवा थंड असेल तरच तिला ओढ मिळते. म्हणून कोरड्या एप्रिलमध्ये तो छान चालतो आणि वळीव पडून गेल्यावर, हवा दमट झाली की मंदावतो. बाहेरचं कापड पाणी झटकेनासं झालं, त्यावर ओलीची साय बसली, तरी मंदावतो. आणि आत सुती पायजमा घातला तर महाग पडदा वाया जातो, कारण घाम वाफ होऊन पडद्यापर्यंत पोचायच्या आधी सुतातच अडकतो. आत घालायचं तेच, पातळ पॉलिस्टर. परवडत असेल तर १५० जीएसएमच्या आसपासची मेरिनो लोकरही उत्तम, तिला वास लवकर लागत नाही.

आमचं मत असं: तासन्‌तास उभं राहून गळ टाकायचा असेल तर हा खर्च करा. बाभळीचे काटे, जलपर्णी, जाळी आणि मासळीच्या पाट्या यांत काम असेल तर करू नका. एका काट्यानं पडदा फाटतो. तशा छिद्राचा शोध घेताना वेडर उलटा करून आतून आयसोप्रोपिल स्पिरिट फवारतात, गळतं तिथं गडद ठिपका उमटतो. हे काम उघड्यावर करा, आगीपासून लांब.

पाणी स्वच्छ आणि गुडघ्याच्या खालीच असेल तर उन्हाळ्यात वेडर घालूच नका. लवकर वाळणारी पातळ पूर्ण पँट आणि घट्ट तळाचे बंद बूट घालून सरळ पाण्यात उतरा. जनावरं धुण्याच्या घाटाजवळ, साचलेल्या पाण्यात किंवा पायाला जखम असताना मात्र हे नको. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संसर्ग अशाच पाण्यातून, जखमेवाटे होतो.

जलपर्णी काढायच्या मोहिमेत आमच्यातल्या दोघांना चक्कर आली. सगळ्यांनी चांगले पातळ कपडे घातले होते. आणखी काय कमी करायचं? कमरेचा पट्टा ढिला ठेवला तर हवा खेळेल का?
— स्वयंसेवक, कोल्हापूर

पट्ट्याचं आधी. ढिला ठेवू नका, पाण्यात असताना कधीच नाही. पाय घसरून पडलात तर घट्ट पट्टा आत शिरणारं पाणी कमरेवरच अडवतो. आत भरलेलं पाणी माणसाला खाली ओढत नाही, पाण्यात पाण्याचं वजन लागत नाही, पण प्रवाहात भरलेला वेडर घेऊन उठता येत नाही आणि काठावर चढता येत नाही. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले असतील किंवा धरणातून पाणी सोडलं असेल तेव्हा वेडर घालून नदीत उतरायचंच नाही, मग आतले कपडे कसेही असोत. पुराच्या पाण्यातही नाही.

आता चक्कर. कपडे आणखी कमी करून उपयोग नाही. पीव्हीसीच्या आत कापडाची कमाल इतकीच की घाम पसरेल आणि कातडी सोलवटणार नाही. अंग थंड करणं कपड्याच्या हातात नाही, ते वेळेच्या आणि पाण्याच्या हातात आहे. मोहिमेत लक्ष ठेवून बघा, मांडीभर पाण्यात उभ्या असलेल्याला तितकं उकडत नाही, कारण पातळ पीव्हीसीमधून पायाची उष्णता पाणी घेत राहतं. हाल होतात ते काठावर. जलपर्णीचे ओले भारे ओढत, उन्हात, तोच वेडर छातीपर्यंत चढवून फिरणाऱ्याचे. म्हणून दोन गट करा. पाण्यातल्यांनी वेडर घालायचा. काठावरच्यांनी गमबूट, हातमोजे आणि साधी पँट. भारा पाण्यातल्यानं काठाला लावायचा, पुढं काठावरच्यानं न्यायचा.

काम सकाळी सातला सुरू करून दहाला संपवा. वेडरमधला माणूस अर्ध्या तासानं बाहेर आलाच पाहिजे. सावलीत जाऊन खांद्याचे पट्टे सोडायचे, वेडर कमरेपर्यंत खाली दुमडायचा, दहा-पंधरा मिनिटं टी-शर्टला वारा लागू द्यायचा. सुटीत एक कोरडा टी-शर्ट बदलला तर पुढचा अर्धा तास बराच सुसह्य जातो, म्हणून प्रत्येकी तीन टी-शर्ट आणि दोन जोड मोजे आणायला सांगा. वेडरचा छातीचा भाग उन्हात तापतो, त्यावर बाहेरून अधूनमधून तांब्याभर पाणी ओता.

पाणी तहान लागायची वाट न बघता, दर वीस मिनिटांनी एक पेला. दोन तासांच्या वर काम असेल तर त्यात ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. अंदाजानं मीठ वाढवू नका. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचं आधी डॉक्टरांना विचारावं. खरं तर त्यांनी वेडरमध्ये उतरूच नये.

डोकं दुखणं, पोटरीत गोळे, मळमळ दिसली की माणूस त्या दिवसापुरता कामाबाहेर. बोलणं असंबद्ध झालं, चालताना झोक जाऊ लागला, अंग तापलं, तर उष्माघात समजा. पट्टे उघडायला वेळ लागत असेल तर कात्रीनं कापा, वेडर उतरवा, सावलीत आडवं करून अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मोहिमेच्या सामानात एक धारदार कात्री ठेवा.

जांघेत खाज सुटते आणि गोल चट्टे उठलेत. पावडर लावतो, तरी कमी नाही. आतले कपडे धुतले तरी वास जात नाही.
— एक वाचक, पन्हाळा तालुका

गोल, कडेला लालसर चट्टा आणि खाज म्हणजे बहुधा गजकर्ण. ओल, ऊब आणि घासणं, तिन्ही त्याला वेडरमध्ये मिळतं. मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. चार दिवस खाज थांबते आणि चट्टा पसरतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, सांगितलेले दिवस पूर्ण औषध घ्या, आणि तोवर वेडर बंद. टॉवेल घरात वेगळा ठेवा.

पावडरीनं काही होणार नाही. घामात ती गोळा होऊन वाळूसारखी घासते. चट्टे नसताना, नुसतं काचू नये म्हणून कातडीवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात चालतो. पण वरून पँट हवीच, कारण पेट्रोलियमनं नैसर्गिक रबर खराब होतं.

वासाचं कारण कपडे ओले पडून राहणं. पॉलिस्टर घाम पीत नाही, पण अंगातलं तेल धरून ठेवतं. काठावरून घरी येईपर्यंत ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जाळीच्या पिशवीत आणा. आल्या आल्या उलटे करून कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा, मग धुवा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव टाकू नका. त्याचा लेप धाग्यावर बसतो आणि थेंबाच्या चाचणीत पास झालेलं कापड पुढच्या वेळी नापास होतं. इस्त्री नको.

वेडरही आतून पुसा, कमरेपर्यंत उलटा करून सावलीत टांगा, दुसऱ्या दिवशी सुलटा. बुटाच्या टोकापर्यंत वारा पोचत नाही, तिथं वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि संध्याकाळी एकदा बदला. हात घालून बोटं कोरडी बाहेर आली की मगच घडी घाला.